दुसऱ्याच्या डब्यातला खाऊ

लहान मुलांच्या मैत्रीचा विषय निघाला की आपण मोठी माणसे एक वाक्य हमखास उच्चारतो. 'मुलांना कसला आला आहे भेदभाव! भेद शिकवतो तो आपणच.' हे वाक्य ऐकावयास मोठे गोड लागते. ते म्हटले म्हणजे मुलांचे कौतुक होते, आणि थोडीशी आत्मनिंदा केल्याचे पुण्यही पदरी पडते. फक्त त्यानंतर आपण नेमके काय करावयाचे, हा प्रश्न तेथेच विरून जातो. सरकारी नोकरीतील बदल्यांच्या निमित्ताने मी चार प्रांतांचे पाणी प्यालो आहे आणि हे वाक्य मीही अनेकदा, सभांतून सुद्धा, उच्चारले आहे. परंतु काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत दिल्लीहून कन्याकुमारीकडे जाताना जे घडले, त्यानंतर ते माझ्या तोंडून सहजासहजी बाहेर पडत नाही.

केंद्र सरकारच्या नोकरास रजा प्रवास सवलत मिळते, हे श्रोत्यांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. चार वर्षांच्या एका खंडात एकदा भारतात कोठेही कुटुंबासह जाता येते. त्या वर्षी आम्ही दक्षिण टोक गाठावयाचे ठरविले. वरच्या वर्गात जागा न मिळाल्यामुळे तृतीय वर्गाच्या वातानुकूलित डब्यात आम्हांला बर्थ मिळाले. आम्ही तिघे: मी, पत्नी आणि आमची पाच वर्षांची मुलगी. समोर एक तमिळ कुटुंब, तेही तिघांचे. गृहस्थ दिल्लीतील एका सरकारी कार्यालयात वाहनचालक होते. त्यांचा मुलगा सहा वर्षांचा. आजोळी वाढलेला आणि दिल्लीस येऊन जेमतेम दोन-तीन महिने झालेला. हिंदीचे पाचदहा शब्द त्याला येत असत, मराठीचा अर्थातच गंध नव्हता. उरलेल्या जागांपैकी एका जागेवर नागपूरला उतरणाऱ्या एक मराठी आजी होत्या.

गाडी सुटल्यावर पहिले दोन तास ही दोन मुले एकमेकांकडे न पाहिल्यासारखे करून पाहत होती. मग एकाने खिडकीच्या काचेवर बोटाने रेघ ओढली, दुसरीने तिच्याशेजारी दुसरी ओढली. दोघेही आपापल्या रेघा ओढीत होते. खेळ एकत्र नव्हता, पण शेजारी होता. मिल्ड्रेड पार्टेन या अमेरिकन संशोधिकेने बालवाडीतील मुलांचे निरीक्षण करून १९३२ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात तिने या अवस्थेला समांतर खेळ असे नाव दिले आहे. आधी एकट्याचा खेळ, मग दुरून पाहणे, मग शेजारी बसून आपापले खेळणे, मग देवाणघेवाण आणि शेवटी एका हेतूने मिळून खेळणे, अशा पायऱ्या तिने वर्णिल्या. वय वाढेल तशा या पायऱ्या चढल्या जातात, असा तिचा रोख होता. परंतु ज्यांची भाषा एक नाही अशी थोडी मोठी मुलेही या सगळ्या पायऱ्या एकाच दिवसात पुन्हा पहिल्यापासून चढतात, हे मी त्या डब्यात पाहिले. आग्रा येईपर्यंत मंडळी देवाणघेवाणीच्या पायरीवर आली होती. बाटलीचे झाकण हे चलन होते.

आग्र्याला मी पेठा घेतला. कोहळ्याच्या फोडी चुन्याच्या निवळीत भिजवून, म्हणजे त्या शिजतानाही कडक राहतील अशा करून, मग साखरेच्या पाकात मुरवितात. त्यामुळे दातांखाली तो आधी करकरतो आणि मागाहून विरघळतो. मुलीने न विचारता एक फोड त्या मुलाला दिली. त्याने आईकडे पाहिले, आईने मान हलविली, त्याने ती खाल्ली. तत्पूर्वी आजींनी आपल्या डब्यातून दोघांनाही बेसनाचा एकेक लाडू दिला होता. माझ्या मुलीने लाडू घेतला तेव्हा मी 'आजींना नमस्कार कर' एवढेच म्हणालो होतो.

दुसऱ्या दिवशी आजी नागपूरला उतरल्या. दुपारी त्या मुलाने आपल्या आईकडून स्टीलचा एक डबा मागून घेतला, झाकण काढले आणि माझ्या मुलीपुढे धरला. आत तपकिरी, चपट्या, तेलकट चकत्या होत्या. मुलीने हात पुढे केला आणि मी तिचे मनगट धरले. 'नको बाळ, गाडीत कोणाकडचे खायचे नसते.'

वाक्य मराठीत होते, पण मनगट धरण्याला भाषांतर लागत नाही. त्या बाईंनी मुलाच्या हातून डबा घेतला, झाकण लावले आणि तो पिशवीत तळाशी ठेवून दिला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच मला अधिक जड गेले. वाहनचालक गृहस्थ आदल्या संध्याकाळी माझा हुद्दा कळल्यापासून माझ्यासमोर पाय वर घेऊन बसत नव्हते. आता तर ते उठून दाराशी जाऊन उभे राहिले.

अर्ध्या तासाने मुलगी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बाबा, त्या आजींचा लाडू मी घेतला, तेव्हा तुम्ही नाही म्हणाला नाहीत."

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. प्रवासात अनोळखी माणसाकडून खाण्यापिण्याचे पदार्थ घेऊ नका, ही रेल्वेची सूचना उगाच दिलेली नसते. गुंगीचे औषध घालून प्रवाशांना लुबाडल्याचे प्रकार घडतात, आणि मुलाला ही सावधगिरी शिकविणे आईबापांचे कर्तव्यच आहे. परंतु त्या दिवशी मी सावधगिरी बाळगली नव्हती. सावधगिरी असती तर ती लाडवालाही लागू झाली असती. आजी मला तितक्याच अनोळखी होत्या. त्या मराठीत बोलत होत्या, एवढ्याच आधारावर मी त्यांचा डबा विश्वासाचा ठरविला होता. नियम मी खिशात ठेवला होता आणि तो बाहेर केव्हा काढावयाचा हे माझ्या मनाने परस्पर ठरविले होते. कचेरीत असे कोणी केले असते तर मी त्याच्या फाईलीवर काय शेरा मारला असता, ते मला चांगले ठाऊक आहे.

मागाहून मी या विषयावरचे वाचन केले, तेव्हा ध्यानात आले की माझे मन जे करीत होते ते फार जुने आहे. इतके जुने, की ते तान्ह्या मुलांतही सापडते. कॅथरीन किंझलर, इमॅन्युएल दुपू आणि एलिझाबेथ स्पेल्की यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग पाहा. पाच-सहा महिन्यांची मुले आपल्या घरची भाषा बोललेल्या माणसाकडे अधिक वेळ पाहतात. दहा महिन्यांच्या मुलांपुढे दोन व्यक्तींनी सारखीच खेळणी धरली, तर घरची भाषा बोलणाऱ्या व्यक्तीकडचे खेळणे ती पसंत करतात. अमेरिकेत इंग्रजी बोलणाऱ्या व्यक्तीकडचे आणि फ्रान्समध्ये फ्रेंच बोलणाऱ्या व्यक्तीकडचे. पाच वर्षांची मुले तर मित्र निवडताना आपल्याच धाटणीचे उच्चार असलेल्या मुलाकडे झुकतात. आणखी दोन वर्षांनी, २००९ मध्ये, याच परंपरेतील दुसऱ्या एका अभ्यासात असे आढळले की बारा महिन्यांचे मूल खाऊसुद्धा आपली भाषा बोलणाऱ्याच्या हातचा उचलते. एक वर्षाचे ते बाळ आणि चाळिशी उलटलेला मी, दोघांचे वर्तन तंतोतंत सारखे!

तेव्हा मुलांना भेद कळतच नाहीत, हे आपले आवडते विधान टिकत नाही. मुलांना भेद कळतात आणि फार लवकर कळतात. अंघोळीचे पाणी गरम की गार, हे कळावे तसे ते कळतात. त्या कळण्याला तिरस्कार म्हणणे मात्र चुकीचे होईल. आपल्या माणसांकडे ओढा असणे वेगळे आणि परक्याविषयी अढी असणे वेगळे; पहिल्यातून दुसरे आपोआप उगवत नाही, त्याला कोणीतरी पाणी घालावे लागते. मनगट धरणे हे असे पाणी घालणे असते.

या संशोधनातील एक धागा मला विशेष आशादायक वाटतो. २०१६ साली किंझलर यांनी झोई लिबरमन आणि इतर सहकाऱ्यांसमवेत आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका माणसाला एखादा पदार्थ आवडला तर दुसऱ्यालाही तो आवडेल, अशी अपेक्षा तान्ही मुले करतात. परंतु ती दोन माणसे निरनिराळ्या भाषा बोलत असली तर एकभाषी घरांतील मुले ही अपेक्षा सोडून देतात. जणू त्यांच्या लेखी भाषा बदलली की ताटही बदलले. मात्र ज्या घरांत एकाहून अधिक भाषा कानांवर पडतात, तेथील मुले ती अपेक्षा भाषेच्या सीमेपलीकडेही चालू ठेवतात. आपल्या देशात किती घरांत, वाड्यांत, वसाहतींत दोन-तीन भाषा रोज कानांवर पडतात, हे वेगळे सांगावयास नको. ही शिदोरी आपल्या मुलांजवळ फुकट आहे. आपण तिची किंमत करीत नाही, ही गोष्ट निराळी.

आता खाऊकडे वळतो. साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात मुले नव्या पदार्थाविषयी संशयी असतात. नवी भाजी पाहिली की तोंड फिरवितात, आणि पुनःपुन्हा चाखावयास मिळाल्यावरच ती आपली म्हणतात. नेमके हेच वय घराबाहेरचे पहिले मित्र जोडण्याचे. नवा पदार्थ आणि नवे माणूस, दोन्ही एकदम पुढे येतात. गोड मात्र या संशयातून बरेचसे सुटते, कारण गोडाची आवड मूल जन्मतःच घेऊन येते. म्हणून दुसऱ्याच्या स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडावयास मुलाला गोड पदार्थासारखा सोपा वाटाड्या नाही. सुटीत तर घरचे नियम सैल झालेले असतात आणि प्रत्येक स्थानकाला स्वतःचे गोड असते. मुले प्रदेश लक्षात ठेवतात तो राजधानीच्या नावाने नव्हे, पेढ्याच्या नावाने. (साखरेचा अतिरेक वाईटच. साखरेतून मिळणारी उष्णता दिवसाच्या एकूण उष्णतेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे. पण चार दिवसांच्या प्रवासात आजोबांनी हा आकडा मुलांना ऐकवू नये, अशी माझी नम्र सूचना आहे.)

तर मुलीच्या त्या प्रश्नानंतर मी काय केले? काही वेळ वर्तमानपत्र वाचल्याचे सोंग केले. मग मोडक्या हिंदीत त्या बाईंना म्हणालो, 'ताई, तो डबा मला मिळेल का? मला आधी पाहावयाचे आहे.' त्या क्षणभर थांबल्या. तो क्षण लांब होता आणि तो लांब असावयासच हवा होता. मग त्यांनी पिशवीच्या तळातून डबा काढला. मी एक चकती उचलून तोंडात घातली आणि चकित झालो. तो अनारसा होता! खसखस नव्हती, सुंठ आणि वेलदोड्याचा वास होता, पण तांदूळ तोच, गूळ तोच, मुरलेल्या पिठाचा तो किंचित आंबूस खमंगपणाही तोच. पत्नीने एक तुकडा चाखला आणि हाताने पिठाचा गोळा मळून झाकून ठेवल्याची खूण करून विचारले. त्या बाई प्रथमच हसल्या आणि बोटांनी दिवस मोजून दाखवू लागल्या.

त्या पदार्थाचे नाव अतिरसम्. आपल्याकडे तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, उपसून कुटतात आणि गूळ मिसळून गोळा मुरत ठेवतात. तिकडे गुळाचा पाक करून तो पिठात ओततात आणि तळल्यावर दाबून तेल काढतात. आंध्रात आणि तेलंगणात हेच अरिसेलु होतात, ओडिशात आरिसा पिठा, कर्नाटकात कज्जाय, बिहारात तिळाचा अनरसा. भाषा आपल्या वहीत स्वतंत्र लिहिलेल्या आहेत, पण पिठाचा डबा फारसा निराळा नाही. पुरणपोळीचेही असेच. तिला कानडीत होळिगे किंवा ओब्बट्टु म्हणतात, तेलुगूत बोब्बट्लु म्हणतात, आणि तमिळमध्ये तर पोळीच म्हणतात. खुद्द साखर हा शब्द घ्या. संस्कृत शर्करेपासून निघून तो फारसीत शकर झाला, अरबीत सुक्कर झाला आणि युरोपात जाऊन शुगर झाला. खंड म्हणजे खडीसाखर, तिची कँडी झाली. धारवाडचा पेढा कानडी मुलखाचा अभिमान म्हणून मिरवितो, पण तो करणारे घराणे उत्तरेतील उन्नावहून तेथे आले, असे सांगतात.

मुलीला यातले काहीही ठाऊक नव्हते. तिने चकती हातात घेऊन 'अनारसा' म्हटले, मुलाने 'अतिरसम्' म्हटले, आणि पुढचे दोन तास दोघे एकमेकांच्या चुका सुधारीत बसले. खेळ आता समांतर राहिला नव्हता.

परंतु एका चकतीने मैत्री होते, असा भाबडा निष्कर्ष मला काढावयाचा नाही. निरनिराळ्या गटांतील माणसे नुसती एकमेकांजवळ आणून बसविली की मने जुळत नाहीत, हे गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ सालीच आपल्या पूर्वग्रहावरील ग्रंथात दाखविले होते. दोघांचा दर्जा त्या ठिकाणी समान असावा, हेतू एक असावा, काम मिळून करावयाचे असावे आणि ज्यांच्या हाती अधिकार आहे त्यांचा या भेटीला पाठिंबा असावा, अशा त्यांच्या अटी होत्या. आमच्या डब्यात पहिल्या तीन अटी योगायोगाने जुळल्या होत्या. आठ बर्थ एकाच मापाचे, गाडी एकच, कंटाळाही एकच. चौथी अट तेवढी मी मोडली. पाच वर्षांच्या मुलीच्या जगात अधिकारी म्हणजे बाप, आणि त्याने त्या क्षणी आपला पाठिंबा काढून घेतला होता.

समान दर्जाची ही अट तारा मोडक यांनी ग्रंथ लिहून नव्हे, तर काम करून समजावून दिली होती. १९४५ साली त्या बोर्डीस गेल्या. वस्तीवरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून त्या मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा आज देशभर पसरलेला शब्द त्या अनुभवाच्या मातीतला आहे. दुसऱ्याला आपल्या घरी बोलावणे हा उपकार ठरू शकतो. त्याच्या अंगणात जाऊन बसणे हा निराळा व्यवहार आहे. पेठा देताना मी उदार होतो. घ्यावयाची वेळ आली तेव्हा माझे औदार्य संपले.

दिल्लीतील एका अभ्यासाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. राजधानीतील नामांकित खासगी शाळांना २००७ पासून काही जागा गरीब घरच्या मुलांसाठी ठेवाव्या लागल्या आणि ती मुले त्याच वर्गांत, त्याच बाकांवर बसू लागली. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी या शाळांत संशोधन केले. ते २०१९ साली प्रसिद्ध झाले. ज्या सधन मुलांच्या वर्गात गरीब मुले होती, ती मुले देण्याघेण्यात अधिक उदार निघाली, आणि शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरीब पण वेगवान मुलाला डावलण्याचे प्रमाण त्यांच्यात कमी आढळले. पालकांना भीती होती ती अभ्यास बिघडण्याची. गणितात आणि हिंदीत काही फरक पडला नाही. इंग्रजीच्या गुणांत किंचित घट झाली. वर्गात अयोग्य शब्द वापरल्याच्या तक्रारी मात्र थोड्या वाढल्या. एवढ्या मोलात हा सौदा महाग आहे असे मला वाटत नाही. शिव्या मुले कोठेही शिकतातच.

आमच्या घरी आता नियम बदलला आहे. 'अनोळखी माणसाचे घेऊ नकोस' याऐवजी 'विचारून घे' असे आम्ही म्हणतो. आणि विचारल्यावर आम्ही आधी त्या माणसांशी चार शब्द बोलतो, मग स्वतः चाखतो. नियम आजींनाही लागू आहे. त्यात वेळ जातो, कधी नकारही द्यावा लागतो, पण तो नकार देताना कारण माणसाला सांगता येईल असे असते.

तिसऱ्या दिवशी कोविलपट्टी आले. त्या गावची कडलै मिठाई, म्हणजे शेंगदाणे आणि गूळ यांची चिक्की, प्रसिद्ध आहे. २०२० साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. लोणावळ्याच्या माणसाने खाल्ली तर तो म्हणेल, ही आमची. ते कुटुंब तेथेच उतरले. गृहस्थांनी फलाटावर एक पुडा घेतला आणि धावत येऊन दारातून माझ्या मुलीच्या हातात दिला. मला नव्हे. तिने माझ्याकडे पाहिले, मी मान हलविली.

पुढे तिरुनेलवेलीला आम्ही उतरून एक दिवस राहिलो आणि तेथला हलवा खाल्ला. गहू भिजवून, वाटून, त्याचे दूध काढून तुपात घोटीत बसावे लागते तो हा हलवा. बोटाने दाबला तरी तूप पाझरते. मुलीने एक तुकडा कागदात गुंडाळून त्या मुलासाठी म्हणून माझ्या पिशवीत ठेवला. तो आपल्याला पुन्हा कोठे भेटणार, असे मी विचारले नाही. दिल्लीस परतल्यावर प्रवास सवलतीचे देयक सादर करताना पाहतो तो अर्जाच्या दुसऱ्या पानावर तुपाचा रुपयाएवढा डाग. नवा अर्ज भरण्यास वेळ नव्हता; तसाच पाठविला. लेखा विभागाने बाकी दोन शंका काढल्या, डागाविषयी काही विचारले नाही.